सुरईला हात लावायचा नाही

हुसेनमामू, तुम्ही शेवटपर्यंत नको नको म्हणालात, ते मी आज केलं. गाडीच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, खोललं.

रागवा हवं तर. तुमचा राग तसा कधी मोठा नसायचाच. भुवया एकदा वर जायच्या, बिडी ओठाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जायची, की झाला राग. तुम्हाला मातीत ठेवून आलो त्याला अजून महिनाही झालेला नाही. खुंटीवरची तुमची टोपी मामीनं अजून हलवलेली नाही. आणि मी इकडं पाना घेऊन तुमच्या गाडीच्या पोटात शिरलो. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यावासा वाटला नाही. माझा हात कसा आहे ते तुम्ही चारचौघांत सांगायचातच : "ह्यो भाच्या पाना धरतोय का पळी, मला अजून कळलं न्हाय."

आत काय दिसलं ते सांगतो. पण आपल्या भांडणाची सुरुवात शेवटापासून केली तर तुम्ही म्हणाल, गाडी रिव्हर्समध्येच चालवतो का रे. म्हणून पहिल्यापासून.

तुम्हाला ठाऊक असलेलंच सांगतोय; पण हे आपल्या घरातली नवी पोरं वाचतील, त्यांना कळायला हवं. कापडी टपाची ती मोटार एका जमीनदाराची आणि तुम्ही त्यांचे ड्रायव्हर. निजामाचं राज्य गेलं, जमीनदार हैदराबादेकडं गेले ते परतलेच नाहीत, आणि गाडी तुमच्यापाशी राहिली. पुढं मी मास्तरकीला कंटाळून (आई म्हणायची, मास्तरकी ह्याला कंटाळून) तुमचा भागीदार झालो. "पुढची दोन चाकं माझी, मागची दोन तुझी," तुम्ही वाटणी केलीत, "म्हंजे ढकलायचं कुनी ह्यावर तंटा नको."

एसटी मोठ्या रस्त्यानं जायची. फाट्यापासून आतल्या गावांना आपलीच गाडी. कुणाची बाळंतीण अडली, कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, की माणसं धावत तुमच्या दारात. घाट चढून येरमाळा, तिथून उस्मानाबादचा मोठा दवाखाना. गाडी बंद पडली तर माणसं कुठं जातील, हे आपल्या दोघांच्या मनात कायम असायचं. आणि म्हणूनच ते पाणी मला छळायचं.

गाडी पाणी प्यायची. सकाळी रेडिएटर काठोकाठ भरावा, फाट्यापर्यंत जाऊन यावं, तर निम्मा रिकामा. बरं, गळतंय म्हणावं तर थेंब दिसत नव्हता. रबरी नळ्या चाचपल्या, पंपाची दोरी बदलली, रेडिएटर उन्हात धरून जाळीचा एकेक दोरा पाहिला. शेवटी मी शक्कल काढली. आईच्या चुलीतली राख चाळून घेतली आणि उभ्या गाडीखाली रांगोळीसारखी पसरली. रात्रीतून जिथं थेंब पडेल, तिथं सकाळी ठिपका दिसेल. सकाळी मी पालथा पडून बघतो, तर राखेत मांजराची पावलं आणि माझं कपाळ. आई दारातून म्हणाली, "मोटारीखाली लोळून भस्म लावून घ्येतलं व्हय? आता झोळी दिऊ का?"

तुम्ही हसलात. पण ठिपका नाही, हे तुम्हीही पाहिलंत. आणि तुम्ही बिडी पेटवलीत.

मग हळद. ते मात्र तुमचंच डोकं. जुने ड्रायव्हर रेडिएटरला बारीक भोक पडलं की मूठभर हळद टाकतात. ती पाण्याबरोबर फिरते आणि भोकात जाऊन बसते. तुम्ही आईकडून वाटीभर हळद घेतलीत आणि ओतलीत. त्या दिवशी बाजाराला निघालेली माणसं गाडीच्या तोंडातून पिवळा फेस येताना बघत होती.

"मामू, हळद लागली की गाडीला! नवरदेव कोन?"

"ह्योच की," तुम्ही माझ्याकडं बोट केलंत, "मागनं वरात काढतोय रोज."

काही दिवस पाणी थांबलं. मला वाटलं, सुटलो. मग पुन्हा सुरू. आणि एका दुपारी रेडिएटरचं झाकण काढून मी तुम्हाला म्हणालो, "मामू, जरा गाडी रेज करा." तुम्ही केलीत. पाण्यात बुडबुडे आले, भाताच्या आधणासारखे. पाणी तर अजून नीट तापलंही नव्हतं. मग मी प्लग काढले. तीन काळेकुट्ट, चौथा धुतल्यासारखा पांढरा. पाण्याच्या वाफेनं रोज अंघोळ घातल्यासारखा. तेलाची कांडी ओढली, तर तेल ताकात कालवल्यासारखं.

मी म्हणालो, "पाणी आत जातंय. हेडखालचं पॅकिंग गेलंय. हेड खोलू, पॅकिंग बदलू, झालं."

तुम्ही प्लग हातात घेतलात. अंगठ्यानं पुसलात. पुन्हा जागेवर लावलात.

"हेड खोलायचं न्हाय."

"अहो, पण का?"

"कायकू खोलायचं? पानीच मागतीया न्हवं? दे तिला."

हे आपलं भांडण. कितीतरी वर्षं चाललेलं. मी कारणं द्यायचो, तुम्ही बिडी पेटवायचात. मी म्हणायचो, एक दिवस घाटात गाडी जीव सोडेल आणि आत कुणी अडलेली बाई असेल. तुम्ही म्हणायचात, "म्हनून तर डबे भरून ठेव." मी रुसून दोन दिवस गाडीवर यायचो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्हीच दारात हॉर्न वाजवायचात. मागची दोन चाकं घ्यायला आलोय म्हणायचात.

डब्यांवरून सुरई आली बघा.

तुमच्या गाडीत दोन पाणी असायची. मागं पत्र्याचे डबे, ते इंजिनाचं. आणि पुढं ड्रायव्हरच्या बाजूला, कापड गुंडाळलेली मातीची सुरई, ती माणसांची. रोज ताजी भरायची. पोर रडलं की तुम्ही गाडी चालवतानाच हात मागं करून मला म्हणायचात, "पानी पाज त्याला." आणि सुरईतलं पाणी इंजिनाला कधीही, कशाहीसाठी, घालायचं नाही.

सुरई मी भरायची, असा तुमचा हुकूम. मला त्याचं कारण उघड वाटायचं. गाडीत बसलेला माणूस तहानेनं सुकला तरी आधी विचारायचा, "पानी कुनाचं हाय?" मी म्हणायचो, माझ्या हातचं हाय, बिनघोर प्या. मग ते प्यायचे. तुमच्या हातचं कुणी प्यालं नसतं. म्हणून तुम्ही भरत नाही, शिवत नाही, सांडू देत नाही. सगळ्या गावानं हाच अर्थ लावला होता. एवढी एक गोष्ट आमच्या सगळ्यांच्या डोक्यात इतकी पक्की बसलेली की दुसरं काही असू शकतं, हे सुचलंच नाही कुणाला.

चैत्रातली ती येरमाळ्याच्या येडाईची जत्रा. गाडीत मावतील त्याच्या दुप्पट माणसं, घाटाच्या मध्यावर वाफेचा लोट. तुमचा नियम ठरलेला. गाडी सावलीला घ्यायची, खाली उतरायचं, बिडी प्यायची आणि काहीही करायचं नाही. बॉनेटवर तळवा टेकवता आला, की मगच पाणी. कुणी घाई केली की तुमचं ठरलेलं वाक्य : "कंदिलाच्या तापल्या काचंवर पानी उडालं तर काय हुतं? तडकती. लोखंड बी तडकतंय. फकस्त त्याचा आवाज हुतोय आन् चीर दिसत न्हाय."

तळवा टेकेपर्यंत थांबलो. पण डबे कोरडे निघाले. मी सुरई उचलली. तेवढ्यानं गाडी वर गेली असती. तुम्ही माझं मनगट धरलंत. तुमची बोटं इतकी घट्ट कधी लागली नव्हती.

"ते न्हाय."

"अहो मामू, यात्रेची माणसं उन्हात—"

"ते न्हाय म्हनलं ना."

आणि तुम्ही दोन डबे घेऊन घाटाखालच्या ओढ्यापर्यंत उतरून गेलात. मागं एक म्हातारबा कौतुकानं म्हणाले, "ड्रायव्हर शाना हाय. आपलं पानी राखतोय."

ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल, मामू! लग्नात, बारशाला, बसायला सतरंजी आणि ऐकायला चार माणसं मिळाली की. तुमचं मनगट धरणं, म्हातारबांचं मान हलवणं, डबे घेऊन तुमचं ते तरातरा उतरणं, सगळी सोंगं करून. शेवटी मी म्हणायचो, "सोवळं पाहावं तर आमच्या मामूंचं!" माणसं लोळायची. तुम्हीही असायचात कित्येकदा. खाली बघून मिशीत हसायचात. मामी मात्र तेवढ्यात उठून आत जायची. मला वाटायचं, चहा ठेवायला गेली.

आई असती तर तिला कळलं असतं का? माहीत नाही. तुम्हाला भाऊ तिनंच केलं. रझाकारांच्या दिवसांत तुम्ही तिला नि मला याच गाडीत घालून, वर कडब्याच्या पेंढ्या टाकून, हद्दीपलीकडं बार्शीला मावशीच्या दारात सोडलंत. पुढल्या दिवाळीपासून दर भाऊबीजेला तिनं तुम्हाला ओवाळलं. पण त्या दिवाळीच्या आधीच दिवस उलटले आणि पळायची पाळी तुमच्यावर आली. तेव्हा आम्ही बार्शीतच होतो. परतलो तेव्हा तुम्ही गावात होतात, गाडी होती, मामी होती. आई म्हणाली, सगळं नीट हाय न्हवं? तुम्ही म्हणालात, व्हय आक्का, नीट हाय.

आता त्या दिवसाचं.

ऐन दुपारी मामीचा निरोप आला. तुम्ही खाटेवर उठून बसलेले, घामानं शर्ट अंगाला चिकटलेला, एक हात छातीवर. मी म्हणालो, दवाखान्यात जाऊ. तुम्ही म्हणालात, "गाडी कोन चालवनार? तू?" एवढ्यातही. मग मागच्या सीटवर आडवे झालात, डोकं मामीच्या मांडीवर.

मी कधी चालवली नसेल इतकी सांभाळून चालवली. पायथ्याला एक डबा ओतला, पहिल्या वळणावर दुसरा. मधल्या वळणाला वाफ आली ती अशी, की समोरचा रस्ता दिसेना. गाडी थांबली. डबे रिकामे. ओढा वैशाखानं आटलेला. रस्त्यावर ना गाडी, ना बैल. नुसतं ऊन.

आणि सुरई भरलेली. सकाळी मीच भरली होती.

मी ती उचलली. तुम्ही डोळे मिटून होतात, तरी तुम्हाला कळलं कसं?

"भाच्या. थांब. गार हू दे."

"मामू, वेळ न्हाय. जरा जरा ओततो. येरमाळ्यापर्यंत गेलो की कुणीतरी—"

"न्हाय."

मी मामीकडं पाहिलं. वाटलं, ती तरी म्हणेल, ओत. ती माझ्याकडं बघतच नव्हती. तुमच्या कपाळावरून पदर फिरवत म्हणाली, "पानी त्यांना पाज."

मी पाजलं. तुम्ही दोन घोट घेतलेत. तिसऱ्याला तोंड फिरवलंत. "ऱ्हाऊ दे," म्हणालात, "कुनाला लागंल."

मग मी तुम्हीच शिकवलेलं केलं. पुढं गेलो आणि बॉनेटवर तळवा ठेवत राहिलो. चटका बसला की काढायचा, पुन्हा ठेवायचा. दुसरं काय करायचं होतं? एकदा तळवा ठेवला आणि तो राहिला. मी ओरडलो, "मामू, झालं गार!"

मामी म्हणाली, "चल आता. माघारी वळीव. घाई न्हाय."

उताराला इंजिन लागत नाही. गाडी तशीच घरंगळत खाली आणली.

तिसऱ्या दिवसाची जियारत झाली, पाहुणे पांगले. मामीनं मला ओसरीवर बसवलं.

"सुरईची गोष्ट तू लई येळा सांगितलीस," ती म्हणाली. "लई झ्याक सांगतोस. आता माझी ऐक."

तुम्ही कधी बोलला नाहीत ते तिनं सांगितलं, मामू. रागावू नका तिच्यावर. पोलीस ॲक्शनच्या वेळचं. तुम्ही दोघं आणि तुमची मुन्नी, नुकती चालायला लागलेली. मला ती आठवतही नाही. आम्ही परतल्यावर पुढं आईनं तिचं विचारलं, तेव्हा तुम्ही एवढंच सांगितलं होतंत की पोर तापानं गेली. त्या काळात पोरं जायची. आई रडली, आणि विषय मिटला.

"तिच्या अंगात ताप हुता," मामी सांगत होती. "पानी पानी करत हुती. घाटात गाडी उकळली. मागनं मान्सं येत हुती, आवाज ऐकू येत हुता. कुन्या गावची म्हनून इचारू नगंस. नाव घिऊन काय करायचं? तीच मान्सं पुढं आपल्या गाडीत बसली न्हाईत व्हय? त्यांच्याच लेकरांना ह्ये सुरईतनं पानी पाजाया लावायचे."

मामी पुढं सांगत राहिली.

"सुरईत पानी हुतं. म्या म्हनलं, घोटभर ऱ्हाऊ द्या पोरीला. ह्यांनी समदी ओतली. तापल्या इंजिनात. कड् करून आवाज झाला, म्या ऐकलाय. गाडी चालू झाली. आमी वाचलो. धाराशिवात माज्या भनीच्या घरी पोचलो. पोरीच्या तोंडाला पानी लावलं, तर गिळंना. डाक्टर म्हनला, तापच तसा हुता, पानी पाजलं असतं तरी गेलीच असती. ह्यांनी ऐकून घेतलं. गावात आल्यावर पयलं काम, नवी सुरई इकत आनली."

आज सकाळी म्हणून मी हेड खोललं.

पॅकिंग चांगलं आहे, मामू. इतकी वर्षं मी पॅकिंग पॅकिंग करत होतो. ते धडधाकट निघालं. भांडण तुम्ही जिंकलंत म्हणावं, तर तुम्ही भांडलाच नव्हतात. नुसतं नको म्हणत होतात. हेड बाजूला ठेवून फडक्यानं ब्लॉक पुसला. चौथ्या सिलिंडरच्या काठापासून व्हॉल्व्हपर्यंत केसाएवढी चीर आहे. गार असताना नखालाही लागत नाही. इंजिन तापलं की उघडत असणार, आणि तेवढ्यातून रोज पाणी आत जात असणार. मला ती दिसलीही नसती. पण तिच्यात हळद बसली आहे. काळ्या लोखंडावर पिवळी बारीक रेघ.

हेड खोललं असतं, तर कुणीही पहिला प्रश्न हाच विचारला असता : तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं कुणी? दुसऱ्या कुणाला नाही, तुम्हालाच विचारलं असतं. जो अख्ख्या तालुक्याला कंदिलाच्या काचेची गोष्ट सांगायचा, त्याला. आणि मग तुम्हाला सांगावं लागलं असतं.

विचारणार कोण होतं? मीच. सोंगं काढून.

माझ्याकडंही एक प्रश्न उरलाय. त्या दिवशी मी तुमचं ऐकलं नसतं तर? सुरई ओतली असती, आणखी एक चीर पडली असती तर पडली असती, गाडी वर चढली असती, तर? मुन्नीबद्दल तुम्हाला डॉक्टरांनी तरी सांगितलं, की काही फरक पडला नसता. मला तसं म्हणणारा कुणी नाही. आपण तर घाटातूनच माघारी फिरलो. मामीला विचारायचं धाडस नाही. तुम्ही असता तर बिडी पेटवली असती.

फाट्यावरचा मिस्त्री दुपारी येऊन बघून गेला. म्हणाला, ब्लॉक गेला, आता ही भंगार. मी पॅकिंग पुन्हा बसवलं, हेड लावलं, नट आवळले. ती चीर पुन्हा कुणाला दिसणार नाही. आतल्या गावांना गाडी कुठून आणायची, ते बघावं लागेल; माणसं आजारी पडायची थांबणार नाहीत. पण ती ही गाडी नसेल. ही ढकलत फाट्यावरच्या कडुलिंबाखाली नेऊन लावली. ढकलायला चौघं आले. मी मागंच होतो, माझ्या चाकांपाशी.

रेडिएटर रिकामा केला. डबे घरी आणले. सुरई घासून घेतली, आणि मामी म्हणाली, "आन इकडं." तिनं ती स्वतः भरली, ओलं फडकं गुंडाळलं आणि माझ्या हातात दिली. मी परत फाट्यावर येऊन ती गाडीच्या पायरीवर सावलीला ठेवली आणि जरा टेकलो.

एसटीतून एक बाई उतरली. कडेवर पोर, उन्हानं लाल झालेलं, डोक्यावर गाठोडं. आतल्या कुठल्या तरी गावाला निघालेली. सुरईकडं बघत उभी राहिली.

"दादा, पानी कुनाचं हाय?"

सवयीनं तोंडात आलं होतं, माझ्या हातचं हाय म्हणून. पण नव्हतं ते.

"एका लहान पोरीचं हाय," मी म्हणालो. "घ्या."

तिनं माझ्याकडं जरा पाहिलं. मग गाठोडं खाली ठेवलं, आणि आधी लेकराला पाजलं.